निजेला धोंडा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आमच्या वडिलांच्या तोंडी नेहमी असे. अंथरूण टोचते, उशी कडक आहे, अशी कुरकुर आम्ही भावंडांनी सुरू केली की ते ती ऐकवीत आणि तिचा अर्थ स्वतःच्या देहाने सिद्ध करून दाखवीत. दिवसभर मळ्यात राबून आलेला तो माणूस ओटीवर चटई टाकून पाठ टेकी न टेकी तोच घोरू लागे. पुढे सेमिनरीत आम्हाला हाच अनुभव आला. पातळ गादी, पहाटे पाचची घंटा, दिवसभर तत्त्वज्ञानाचे तास आणि सायंकाळी बागेत कुदळकाम. रात्रीची प्रार्थना संपवून दिवा मालवला की सकाळची घंटाच कानी पडे. खरी भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि खरा थकवा असला की दगडावरही झोप येते, हे आम्ही निसर्गाचे सत्य मानून चाललो होतो.

आज पन्नाशी ओलांडून आम्हाला काही वर्षे झाली. गादी पूर्वीपेक्षा चांगली आहे आणि थकवाही पूर्वीपेक्षा अधिक आहे. तरीही रात्री तीनच्या सुमारास डोळे उघडतात आणि छताच्या पंख्याकडे पाहत आम्ही चर्चच्या गळक्या छपराचा हिशेब मांडू लागतो. प्रारंभी आम्हाला हा आपल्याच श्रद्धेचा दोष वाटला. नंतर आमच्याच वयाच्या अनेक प्रापंचिक बंधुभगिनींशी बोलताना ध्यानात आले की, म्हणीतच काहीतरी अपुरे आहे. मात्र या विषयावर लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते स्वतःच्या निद्रानाशामुळे नव्हे. त्याला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे आणि ती प्रथम सांगणे प्राप्त आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या साडेनऊच्या मिस्साला न चुकता येत आणि प्रवचन सुरू झाले की न चुकता पेंगू लागत. वय अठ्ठावन्न. एके रविवारी आम्ही प्रवचनपीठावरून म्हणालो, “काही भाविकांना आमचे प्रवचन अंगाईसारखे वाटते, हा आमच्या आवाजाचा गौरवच समजायचा!” लोक हसले. शेजाऱ्याने त्यांना कोपराने ढोसले आणि ते खडबडून ताठ बसले. त्यानंतर तीन रविवार ते दिसले नाहीत.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी एकच्या सुमारास, आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार वाजवण्यापूर्वीच ते उघडले. त्यांच्या पत्नीने ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजत म्हणाल्या, “फादर, जरा हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” घर दोन खोल्यांचे. आतल्या खोलीच्या खिडकीवर जुने ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलेले. बेलची तार काढून ठेवलेली. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत त्या घरात कुकर लावत नाहीत, कारण शिट्टी होते. नातवंडाला त्या वेळेपुरते शेजारी धाडतात. ज्या कारखान्यात या गृहस्थांनी सत्तावीस वर्षे काढली तो बंद झाला होता आणि आता ते रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची रातपाळी पहारेकरी म्हणून करीत होते. जाण्यायेण्यात लोकलचे तीन तास. शनिवारची रात्र जागून ते स्टेशनवरून थेट मिस्साला येत असत. ज्याला आम्ही झोपाळू भाविक म्हटले, तो खरे तर तेरा-चौदा तास जागून, घरी जाण्याआधी देवाच्या दारी आलेला माणूस होता.

आम्ही खालमानेने बसलो होतो, इतक्यात बाहेरून कर्णा कडाडला. आमच्याच चर्चच्या सणासाठी मांडवात ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू होती. आतले गृहस्थ जागे झाले, शर्ट चढवून बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, “फादर, माफ करा हं. तुम्ही आलात आणि मी झोपलो होतो.”

वाचकहो, हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. झोपेबद्दल क्षमा कोणी कोणाची मागायची, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम वैद्यक काय सांगते ते पाहू. निद्रा म्हणजे निव्वळ स्तब्धता नव्हे, हे ज्ञान तसे अलीकडचे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींचा एक वेगळा काळ येतो हे दाखवून दिले आणि तेव्हापासून निद्रेच्या निरनिराळ्या अवस्थांचा शास्त्रशुद्ध अभ्यास वाढत गेला. सुमारे नव्वद मिनिटांचे एकेक आवर्तन रात्रीतून चार-पाच वेळा होते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात येतो, तर स्वप्नांचा उत्तरार्धात. गाढ झोपेत हृदयाची गती मंदावते, रक्तदाब उतरतो, शरीराची झीज भरून काढणारे स्राव वाढतात. दिवसा ज्या यंत्रणेने आपल्याला सावध आणि ताणलेले ठेवले, ती मागे सरते आणि विसाव्याची यंत्रणा पुढे येते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतरात होणारे सूक्ष्म बदल मोजून हा विसावा देहाला कितपत लाभला, हे आता झोपेतही पाहता येते.

वय वाढते तशी ही व्यवस्था बदलते. गाढ झोपेचा वाटा विशीपासूनच हळूहळू घटू लागतो आणि पन्नाशीपर्यंत तो बराच कमी झालेला असतो. रात्रीतून जाग अधिक वेळा येते. देहाचे घड्याळ पुढे सरकते. संध्याकाळी लवकर डुलकी येते आणि पहाटे लवकर जाग येते. हे घड्याळ कल्पनेतले नव्हे. ते पेशीपेशींत कसे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रातपाळी करणारा माणूस या घड्याळाविरुद्ध झोपू पाहतो. बाहेर ऊन, आत उकाडा, आणि देह म्हणत असतो, ‘ही जागण्याची वेळ आहे.’ तरुण देह ही ओढाताण काही काळ सोसतो. साठीकडे झुकलेल्या देहाला ती फार महाग पडते. मग रात्री बारा तास उभा राहिलेला मनुष्य दिवसा चार तासांत जागा होतो, आणि लोक म्हणतात, ‘वय झाले की झोप कमीच लागते.’ यातील बारकावा लक्षात घ्यावा. वयाबरोबर कमी होते ती मुख्यतः झोपेची क्षमता. झोपेची गरज तितकी कमी होत नाही.

यात कामाच्या ताणाची भर पडते. नुसत्या अंगमेहनतीने आलेला थकवा बहुधा झोपेला बोलावतो. आमच्या वडिलांचा थकवा तसा होता. ताणाचा थकवा मात्र झोपेला दाराबाहेर उभी करतो. साहेबाचा शब्द, हातून झालेली चूक, उद्याची भीती, नोकरी जाण्याची टांगती तलवार, ही सारी अंथरुणात आपल्याबरोबर येतात, आणि देहाची सावध यंत्रणा शत्रू दारात असल्याप्रमाणे पहारा देत राहते. डच संशोधक मायमन आणि मुल्डर यांनी १९९८ साली मांडलेला विचार साधा आहे. श्रमाने देहमनात होणारा बदल आपोआप वाईट नसतो. पुढचा श्रम सुरू होण्यापूर्वी देह मूळ पदावर आला तर काहीच बिघडत नाही. तो आला नाही, तर कालच्या थकव्यावर आजचा थकवा चढतो, आणि रोजची किरकोळ बाकी साचत जाऊन व्याधीचे रूप घेते.

ही बाकी किती वर्षांनी वसूल होते, याचा एक दाखला फिनलंडमध्ये मिळतो. तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८१ साली नगरपालिकांच्या सेवेतील ४४ ते ५८ वर्षे वयाच्या सहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुष कामगारांची पाहणी सुरू केली आणि अठ्ठावीस वर्षे त्यांचा मागोवा घेतला. मध्यम वयात ज्यांची कामाची क्षमता खालावलेली होती, त्यांच्यात पुढे मृत्यूचे आणि म्हातारपणीच्या परावलंबनाचे प्रमाण अधिक आढळले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. तात्पर्य, पन्नाशीत कामगार कसा राबतो आणि कसा सावरतो, यावर ऐंशीव्या वर्षी तो स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये येईल की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे की सज्जन आणि दुर्जन यांतील भेद झोपेत सर्वांत कमी दिसतो. खरेच आहे. झोपलेला मनुष्य पुण्यही करीत नाही आणि पापही. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की निद्रा हा नीतीचा विषयच नव्हे, तो देहधर्म होय. आम्हालाही सेमिनरीच्या दिवसांत असेच वाटे. परंतु निजलेला मनुष्य स्वतः काही करीत नसला, तरी त्याच्याशी इतर काही करीत असतात. तो पूर्णपणे दुसऱ्यांच्या स्वाधीन असतो. तान्हे मूल, आजारी माणूस आणि निजलेला माणूस हे तिघे या बाबतीत सारखे आहेत. आणि जो आपल्या स्वाधीन झाला आहे त्याच्याशी आपण कसे वागतो, याहून मोठी नीतीची कसोटी दुसरी कोणती?

यावर पहिला आक्षेप असा येईल : मालक कामगाराचा दिवस विकत घेतो, रात्र कामगाराची स्वतःची. तो झोपला की जागला, याच्याशी मालकाचा काय संबंध?

पवित्र शास्त्रात या आक्षेपाला एका चाकराने उत्तर दिले आहे. आमच्या म्हणीतला धोंडा उशाला घेऊन निजणारा याकोब सर्वांना ठाऊक आहे. भावाच्या भयाने घर सोडून पळालेला तो तरुण बेथेल येथे उघड्यावर, दगडावर डोके ठेवून झोपला आणि त्याला स्वर्गापर्यंत पोहोचणाऱ्या शिडीचे स्वप्न पडले. म्हणीचा याहून मोठा पुरावा नाही. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकाची पाने पुढे उलटली की तोच याकोब पुन्हा भेटतो. मामा लाबान याच्या घरी वीस वर्षे राबून झाल्यावर तो आपली कैफियत मांडतो : दिवसा उन्हाने भाजून निघालो, रात्री थंडीने गारठलो आणि डोळ्यांची झोप उडाली. मनुष्य तोच, मग ज्याला दगडावर झोप लागली, त्याची झोप मालकाच्या घरी का उडाली? केवळ श्रमामुळे नव्हे. त्याच कैफियतीत तो सांगतो की हरवलेल्या, चोरीस गेलेल्या प्रत्येक जनावराची भरपाई माझ्याकडून घेतलीस आणि माझे वेतन दहा वेळा बदललेस. योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली दाखविले की श्रम आणि मोबदला यांचा तोल ढळला म्हणजे, आणि मोबदल्यात वेतनाबरोबर मान व नोकरीची शाश्वतीही आली, तो ताण देहात शिरतो. पुढील अनेक पाहण्यांत अशा असमतोलाचे आणि बिघडलेल्या झोपेचे नाते आढळले. याकोबाने ते आपल्या शब्दांत केव्हाच सांगून ठेवले होते. लाबानाने त्याची रात्र विकत घेतली नव्हती. ती त्याने फुकट नेली होती.

म्हणून आम्हाला वाटते की वेतन हा श्रमाचा मोबदला असेल, परंतु थकव्याचा मोबदला झोपच. पैशाने थकवा फिटत नाही. जो मालक श्रम घेतो आणि ते फेडण्यास लागणारी रात्र शाबूत ठेवीत नाही, तो अर्धेच वेतन देतो. उरलेले अर्धे कामगार आपल्या पुढील आयुष्यातून भरतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हाच विचार मांडला : कामाचे तास माणसाच्या शक्तीपलीकडे जाऊ नयेत आणि विश्रांती किती असावी हे कामाच्या स्वरूपावर व कामगाराच्या प्रकृतीवर ठरावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेरचेन्स’ या परिपत्रकात माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

मात्र आपल्या महाराष्ट्रात हा लढा प्रथम आम्ही ख्रिस्ती लोकांनी लढविला, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याला एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा मागितला. रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १८९० साली. ज्या रविवारी आपण निश्चिंतपणे मिस्साला जातो, तो खंडोबाचाही वार आहे, आणि तो आपल्याला लोखंड्यांच्या कष्टांमुळेही मिळाला आहे, हे कृतज्ञतेने स्मरावे. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. १९८० साली त्याच संघटनेने वयस्क कामगारांविषयी वेगळी शिफारस करून, त्यांच्या कामाचे तास, पाळ्या आणि परिस्थिती त्यांच्या वयाला मानवतील अशा कराव्यात, असे सुचविले. एवढे असूनही पहारेकऱ्याची बारा तासांची रात्र चालूच आहे.

न्यायालयांनीही या बाबतीत बोलण्याची वेळ आली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने चौसष्ट वर्षांच्या एका व्यक्तीची रात्री उशिरापर्यंत चौकशी केल्याबद्दल नापसंती दर्शविली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगितले. ज्याच्यावर आरोप आहेत त्याच्या झोपेची जर कायदा एवढी बूज राखतो, तर ज्याचा अपराध एवढाच की तो गरीब आहे आणि म्हातारा होत आहे, त्याच्या झोपेची कोणी राखायची?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा : झेपत नसेल तर वयस्क माणसाने घरी बसावे. हे बोलणे ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते त्याला शोभते. खाजगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते महिना १००० रुपये. एवढ्यात औषधेही येत नाहीत. आमच्या धर्मग्रामात साठीनंतर पहारा, स्वयंपाक, आजाऱ्यांची रात्रीची शुश्रूषा अशी कामे करणारी मंडळी हौसेने ती करीत नाहीत. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या मुलाचे शिक्षण, कोणाचे घराचे कर्ज. त्यातही स्त्रियांच्या रात्रीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. दिवसभर नोकरी, संध्याकाळी चूल, रात्री अंथरुणाला खिळलेल्या सासूची हाक. पन्नाशीच्या या भगिनीची ‘पाळी’ कोणत्याच भोंग्याने संपत नाही.

तिसरा आक्षेप आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी अधिक असतो : झोप म्हणजे आळस, आणि ख्रिस्ती मनुष्याने तर जागे राहावे. नीतिसूत्रांचे पुस्तक आळशाला मुंगीकडे पाठविते. गेथशेमनी बागेत झोपी गेलेल्या शिष्यांना प्रभूने हटकले. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. त्याच प्रसंगाविषयी संत लूक म्हणतो की ते शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते. सुस्तीचा आरोप तो करीत नाही. स्वतः प्रभू येशू वादळात, नावेच्या मागच्या बाजूस, उशी घेऊन झोपला होता. दिवसभर लोकसमुदायाला शिकवून थकलेल्या देहाला त्याने झोप नाकारली नाही. संदेष्टा एलिया जीवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. दुसऱ्यांदा खाऊ घातल्यानंतरच पुढच्या प्रवासाची गोष्ट काढली. संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात दुःखावरील उपायांत अश्रू, मित्रांची सहानुभूती व सत्याचे चिंतन यांच्याबरोबरच निद्रा आणि स्नान यांनाही स्थान दिले आहे. आम्ही हे सेमिनरीत शिकलो, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. भगवद्गीताही अति निजणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असेच सांगते. देवासाठी स्वेच्छेने केलेले जागरण हे दान होय. परंतु दान द्यायला आधी ती रात्र आपली असावी लागते. ज्याची रात्र दुसऱ्याने नेली, त्याच्या जागण्याला पुण्य म्हणून गौरविणे ही त्याची थट्टा आहे. आम्ही ती प्रवचनपीठावरून केली.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. झोप न येणाऱ्याला आपण सहज म्हणून जातो, ‘देवावर भरवसा ठेवा, झोप येईल.’ हेतू चांगला असतो. परंतु झोप ही इच्छेने करण्याची कृती नव्हे. चालणे, बोलणे, प्रार्थना करणे हे ठरवून करता येते; झोप ठरवून लागत नाही, उलट आग्रह धरला की दूर पळते. ती प्रसादासारखी येते. आपण फक्त तिच्यासाठी जागा करू शकतो. म्हणून निद्रानाशाला श्रद्धेचा अभाव ठरविणे म्हणजे थकलेल्या माणसाच्या उशाशी आणखी एक ओझे ठेवणे होय. तीन वाजता उठून बसणाऱ्या आमच्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही पाप करीत नाही.

म्हणजे कामगाराचे स्वतःचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे. त्या प्रसादासाठी जागा करणे तरी आपल्या हाती असते. रात्री उशिरापर्यंत मोबाईल चाळणे, झोप यावी म्हणून पेला घेणे, घोरण्याबरोबर श्वास अडकत असतानाही डॉक्टरांकडे जाण्यास लाजणे, या गोष्टी टाळता येतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि एक सूक्ष्म दोष आम्ही स्वतःत पाहिला : ‘माझ्यावाचून अडेल’ ही भावना. रात्री तीन वाजता चर्चच्या छपराचा हिशेब केल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. रोज रात्री जगाचा कारभार आपल्याविना चालतो आणि सकाळी तो आपल्याला जवळजवळ जशाचा तसा परत मिळतो. पन्नाशीनंतर ही नम्रता शिकणे हा पुढे येणाऱ्या मोठ्या निजेचाही सराव आहे.

शेवटी आपल्या सर्वांच्या वाट्याचे काही. मालकाला दोष देणे सोपे. त्या बुधवारी झोप मोडणारा कर्णा मात्र आमचा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आपल्या लग्नाच्या मांडवातला बँड आणि सणाचा कर्णा यांनी ती किती वेळा पाळली, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. शिवाय दिवसा झोपणाऱ्यासाठी असा शांततेचा काळ नेमलेला नाही. त्याच्यासाठी शेजाऱ्याचे मन हाच कायदा.

आम्ही हा विषय धर्मग्राम मंडळापुढे मांडला. नोव्हेनाचा आवाज चर्चच्या भिंतींआत राहील आणि रात्री साडेनऊच्या सभा रविवारी सकाळी होतील, एवढे मान्य झाले. सणाच्या कर्ण्याबाबत मात्र मतभेद राहिले. “फादर, वर्षातून नऊ दिवस तर आहेत, परंपरा आहे,” असे वडीलधारे म्हणाले. त्यांचेही मन आम्हाला मोडवेना. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या गृहस्थांची आम्ही त्यांच्या घरी क्षमा मागितली. ते फार संकोचले. आता ते पुन्हा येतात आणि मागच्या बाकावर खांबाला टेकून बसतात. कधी जागे असतात, कधी नसतात. त्यांची रातपाळी संपलेली नाही आणि ती संपविणे आमच्या हाती नाही. एवढेच झाले आहे की शेजारचे आता त्यांना कोपराने ढोसत नाहीत; ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हलकेच खांद्यावर हात ठेवून उठवितात.

तेव्हा, प्रिय वाचकहो, आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढे करा. आपल्या घरात सर्वांत जास्त वयाचे कोण कामाला जाते, ते किती वाजता निजते आणि कशाने जागे होते, हे एकदा पाहा. धोंड्यावर झोप लागण्याचे त्यांचे वय सरले आहे. उशी देणे आपल्याकडे आहे.